विषय: मला न तपासता दिलेल्या मतावर बंद केलेला डिसॅबिलिटी क्लेम

प्रति,
व्यवस्थापक, क्लेम विभाग

तुमच्या प्रतिनिधीशी आत्ताच बोलणं झालं. यापुढे फोन नाही, सगळं लेखी.

माझ्या न्यूरॉलॉजिस्टनी माझ्या मल्टिपल स्क्लेरोसिसचं (मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) निदान केलं, औषधं बदलून पाहिली, दुपारनंतर माझे पाय आणि डोकं कसं साथ सोडतं हे वर्षानुवर्षं स्वतः पाहिलं. तुमचा फॉर्म त्यांनी भरला, वर सविस्तर पत्रही जोडलं. तुम्ही पैसे बंद केलेत ते मात्र तुमच्या पॅनेलवरच्या डॉक्टरांच्या शब्दावर. एमआरआयवर नवे व्रण नाहीत, म्हणून मी ८ तासांपैकी ६ तास बसून काम करू शकते म्हणे. थकवा एमआरआयवर दिसत नाही, हे डॉक्टरांना मी सांगायचं का?

आजचं बोलणं तुमच्याकडे रेकॉर्ड झालंच असेल, ते ऐका. मी विचारलं, "त्यांनी मला तपासलं का?" ती म्हणाली, "त्याची गरज नसते, मॅडम. फाइल पुरेशी असते." "मग माझ्या डॉक्टरांशी तरी बोलले?" "निरोप ठेवला होता. २४ तासांत उत्तर आलं नाही, म्हणून रिपोर्ट फायनल केला." अहो, त्या दिवशी माझे डॉक्टर क्लिनिकमध्ये पेशंट तपासत होते! त्यांनी नंतर उलट फोन केला, तो कुणी घेतलाच नाही. हे सांगितल्यावर ती म्हणाली, "तुमचे डॉक्टर तुमच्याच बाजूनं बोलणार ना." मी विचारलं, "आणि तुमचे?" तिनं मला होल्डवर टाकलं. मग फोन कट झाला.

नकारपत्रात तुम्ही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या ब्लॅक अँड डेकर विरुद्ध नॉर्ड निकालाचा आधार घेतला आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या मताला खास वजन द्यायची सक्ती नाही, हे बरोबर. पण विश्वासार्ह पुरावा, आणि त्यात या डॉक्टरांचं मतही आलं, मनमानीनं फेटाळता येत नाही, हेही त्याच निकालात आहे. ते का गाळलंत? १ एप्रिल २०१८ नंतर दाखल झालेल्या क्लेमसाठी एरिसाचा, म्हणजे नोकरीतून मिळणाऱ्या लाभ योजनांच्या अमेरिकी कायद्याचा, नियम आणखी स्पष्ट आहे: माझ्या डॉक्टरांचं मत आणि सोशल सिक्युरिटीचा (सरकारी अपंगत्व भत्ता देणाऱ्या खात्याचा) निर्णय का मान्य नाही, हे पत्रात लिहावंच लागतं. तुमच्या पत्रात त्यावर अक्षर नाही.

सोशल सिक्युरिटीकडे अर्ज करायला मला तुम्हीच लावलंत. तो मंजूर होताच तेवढी रक्कम दरमहा वजा केलीत, मागची थकबाकी म्हणून वसूलही केलीत. त्यांचा निर्णय पैसे कापायला चालतो, मला अपंग मानायला चालत नाही!

मला कधीही न पाहिलेल्या माणसानं माझं आजारपण ठरवलं, हे पुन्हा लिहिते, कारण फोनवर कुणी ते ऐकूनच घेत नाही.

१८० दिवसांच्या मुदतीतलं हे माझं अपील समजा. संपूर्ण क्लेम फाइल विनाशुल्क पाठवा. अपील न्यूरॉलॉजिस्टनीच तपासावं, आणि ते आधीचे डॉक्टर किंवा त्यांच्या हाताखालचं कुणी नसावं. नवा रिपोर्ट निघाला तर निर्णयाआधी मला द्या, माझे डॉक्टर उत्तर देतील. मी नोकरी करत होते त्या कंपनीनं दिलेलं विमा कव्हर अपुरं वाटलं म्हणून तुमच्यावर विश्वास ठेवून मी जास्तीचं कव्हर स्वतःच्या पगारातून घेतलं होतं. अपील फेटाळलंत तर फेडरल कोर्टात दावा दाखल करीन; वकिलांना कागद दिले आहेत.

क्लेमधारक