बाबांच्या नव्या गाडीबद्दल, लेस्टरहून

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, शोरूममधल्या मुलाने तुम्हाला हायब्रिड गाडी दाखवली आणि तुम्ही त्याला "माझ्या मुलीकडे हीच आहे" म्हणालात, असं आई सांगत होती. ती आणि माझी गाडी एक नाही. फोनवर आवाज तुटतो आणि अर्धं राहून जातं. यात तुमच्या निवृत्तीच्या पैशातली मोठी रक्कम जाणार आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

माझी गाडी प्लग-इन हायब्रिड आहे. मित्सुबिशीची आउटलँडर, सेकंडहँड घेतलेली. पुढे दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला एक-एक मोटर आणि खाली फ्लोअरमध्ये बारा युनिटची बॅटरी. ही बॅटरी घरच्या सॉकेटवर चार्ज होते. संध्याकाळी वायर लावली की पाच-सहा तासांत ती भरते आणि त्यावर गाडी साधारण चाळीस किलोमीटर पेट्रोलशिवाय जाते, थंडीत त्याहून कमी. बॅटरी संपली की इंजिन आपोआप सुरू होतं, त्यामुळे रस्त्यात अडकण्याची भीती नाही.

आता खास तुमच्यासाठी. या गाडीला नेहमीचा गिअरबॉक्सच नाही. शहरातल्या वेगात इंजिन चालू झालं तरी ते चाकं फिरवत नाही, जनरेटर फिरवतं, आणि त्या विजेवर मोटर चालते. साधारण ६५-७० च्या पुढे वेग गेला की एक क्लच जुळतो आणि इंजिन पुढच्या चाकांना थेट ओढायला लागतं, कारण हायवेच्या वेगात तेच जास्त किफायतशीर पडतं. आणि "ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरायचा" हा तुमचा नियम इथे फार सुंदर रीतीने पाळलेला आहे. स्टिअरिंगमागे दोन पट्ट्या आहेत. डावी ओढली की गाडी जास्त धरून ठेवते, जणू गिअर खाली टाकला. फरक असा की तेव्हा चाकं मोटरला फिरवतात, मोटर जनरेटर होते आणि उताराची ताकद बॅटरीत जमा होते. यवतेश्वरचा घाट अशा गाडीने उतरताना तुम्हाला शेजारी बसवायची माझी फार इच्छा आहे. तुमचं सगळं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलं. ब्रेक लायनर घासून जी शक्ती वाया जाताना तुम्ही रोज पाहिलीत, ती परत कामाला येते आहे.

आई, तुला खर्चाचं सांगते. बॅटरी बारा युनिटची असली तरी गाडी ती पूर्ण रिकामी होऊ देत नाही, म्हणून भरायला साधारण दहाच युनिट लागतात. इथे रात्रीचा सवलतीचा दर घेतला तर युनिटला आठ पेन्सच्या आसपास पडतात, म्हणजे चाळीस किलोमीटरला ऐंशी पेन्स. दिवसाच्या दराने तेच अडीच पौंड. पेट्रोलवर एवढ्याच अंतराला चार पौंड जातात, कारण नुसत्या इंजिनवर ही जड गाडी लिटरला तेरा-चौदाच देते. आणि मोटरवेवरच्या झटपट चार्जरवर भरली तर सात पौंडांच्याही पुढे! म्हणून बाहेर गेल्यावर मी ती चार्जरला लावतच नाही, सरळ पेट्रोल भरते. दवाखान्यात जाणं-येणं, मुलांची शाळा, बाजार, एवढं सगळं घरच्या विजेवर होतं. पेट्रोल पंपावर क्वचितच जाणं होतं.

पण याच गाडीची दुसरी बाजूही आहे, आणि तीच लोक सांगत नाहीत. ही गाडी आली तेव्हा कागदोपत्री १०० किलोमीटरला १.९ लिटर पेट्रोल, म्हणजे लिटरला बावन्न किलोमीटर, असा आकडा होता. चाचणीत बॅटरी भरलेली असते आणि लोक बराच प्रवास विजेवर करतील असं गृहीत धरलेलं असतं. युरोपियन कमिशनने २०२१ साली नोंदणी झालेल्या गाड्यांमधली प्रत्यक्ष इंधनाची नोंद तपासून २०२४ मध्ये अहवाल दिला. रस्त्यावर प्लग-इन हायब्रिडचा कार्बन डायऑक्साइड प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाला. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांमध्ये हा फरक सुमारे वीस टक्केच होता. इथे ब्रिटनमध्ये तर कंपन्यांनी करसवलतीसाठी भाडेकराराने घेतलेल्या कित्येक गाड्या परत आल्या तेव्हा चार्जिंगची केबल प्लास्टिकच्या वेष्टनातच होती. सरकारने २०१८ च्या अखेरीस या गाड्यांचं अनुदान बंद केलं. मला हे वाचून वाईट वाटलं होतं. वायर न लावता ही गाडी चालवायची म्हणजे बॅटरी आणि मोटरचं वजन पेट्रोल जाळून नुसतं ओढत फिरायचं.

शिवाय दोन्ही यंत्रणा आल्या म्हणजे दोन्हींची देखभाल आली. ऑइल, फिल्टर, कूलंट काहीच चुकत नाही. बरेच महिने पेट्रोल घातलं नाही तर जुनं पेट्रोल टाकीत पडून राहू नये म्हणून गाडी स्वतःहून इंजिन चालू करते. कडक थंडीत काही मॉडेलमध्ये नुसत्या हीटरसाठीही इंजिन सुरू होतं.

आता तुमच्या गाडीकडे येते. तुम्ही पाहिलेली ग्रँड व्हिटारा काय किंवा इनोव्हा हायक्रॉस काय, या बिनप्लगच्या हायब्रिड आहेत. त्यांची बॅटरी लहान असते, इंजिन आणि ब्रेक यांच्यातूनच ती भरते, आणि सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते. शहरात त्या पेट्रोल खरोखर वाचवतात, गाड्या चांगल्या आहेत. पण विजेवर शहर आणि पेट्रोलवर हायवे असं त्यांच्यात होत नाही. प्लग-इन तुम्हाला हवी असली तरी आपल्याकडे ती बहुतेक फार महागड्या परदेशी गाड्यांमध्येच मिळते. आणि सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या हायब्रिडवर ४० टक्के जीएसटी आहे, पूर्ण बॅटरीच्या गाडीवर ५ टक्के.

म्हणून माझं स्पष्ट मत ऐका, मग निर्णय तुमचा. तुमचं रोजचं फिरणं साताऱ्यातलं: मंडई, बँक, राजवाडा, मावशीकडे. महिन्यातून पुण्याला डॉक्टरांकडे, जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर. घर स्वतःचं, पोर्चमध्ये गाडी उभी राहते. अशा घराला पूर्ण बॅटरीची गाडी चालते. प्रत्यक्षात तीनशे किलोमीटर देणारी असली तर पुण्याहून परत येताना खंबाटकीतही जीव टांगणीला लागणार नाही. कोकणात वर्षातून एकदा जाता, तेव्हा ड्रायव्हरसकट गाडी भाड्याने घ्या. तसंही रात्री बाबांनी घाटात गाडी चालवू नये, असं आईला आणि मला दोघींना वाटतं. तुम्ही फ्लॅटमध्ये राहत असता आणि पार्किंगला सॉकेट नसता, तर मीच म्हटलं असतं की बिनप्लगची हायब्रिड घ्या.

बुकिंगचे पैसे भरण्याआधी मात्र एक काम करा. वायरमनला बोलावून पोर्चमधल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटचं अर्थिंग मोजून घ्या, आणि मीटरपासून तिथपर्यंतची वायर किती जाडीची आहे तेही पाहायला सांगा. पाण्याचा पंप अर्धा तास चालतो, गाडी सहा-आठ तास सलग वीज घेते. बारीक वायर तापते. त्या पॉइंटला स्वतंत्र एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच, बसवून घ्या. एक्स्टेंशन बोर्डवर गाडी कधीही लावायची नाही, आई, हे तू लक्षात ठेव, कारण बाबा घाईत तसं करतील.

वायरमन काय म्हणतो ते आणि त्या गाडीचं कोटेशन, दोन्हींचे फोटो पाठवा. मी रविवारी फोन करते.

तुमची,
चिऊ