लंडनच्या प्रवासापूर्वी

सोलापूर

चि. अनघा हिस अनेक आशीर्वाद.

तुझे तिकीट पाहून बाबा म्हणाले, "रात्री दोनला मुंबईहून निघून सकाळी सातला लंडन, म्हणजे पाचच तास!" तिकिटावरील दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. सप्टेंबरात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असल्यामुळे प्रवास प्रत्यक्षात साडेनऊ तासांचा होतो. तू जेवण, झोप आणि औषधाच्या वेळा याच हिशेबाने ठरव.

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. आपली सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्रभर धावून मुंबईपर्यंतचे साडेचारशे किलोमीटर कापते, आणि तिच्याहून थोडाच अधिक वेळ घेऊन विमान तुला दुसऱ्या खंडात नेऊन सोडते, याचे मला खरोखर अप्रूप वाटते. ताशी नऊशे किलोमीटरचा वेग धरला तर आठच तास लागायला हवेत. पण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरचे जोरदार वारे जाताना समोरून येतात, आणि उड्डाण व उतरण्याच्या वेळी वेगही कमी असतो. येताना तेच वारे पाठीशी असल्याने परतीचा प्रवास बहुधा लवकर संपतो.

मार्गाविषयीही सांगते, कारण समोरच्या पडद्यावर तो पाहून तू गोंधळशील. सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती इराकवरून जाते. परंतु पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळची वाट उत्तरेकडे झुकून पाकिस्तान, इराण, कॉकेशस पर्वत, काळा समुद्र आणि युक्रेनवरून जाते. युद्धामुळे युक्रेनचे आकाश बंद आहे आणि पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले आहे, म्हणून प्रत्यक्ष वाट त्याहून लांबते. त्यामुळे वेळापत्रकात तासाभराचा फरक पडला तरी घाबरू नकोस, आम्हीही घाबरणार नाही. मुंबईला मात्र आदल्या सकाळीच पोहोच. गाडी उशिरा आली तर विमान थांबत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे जातात आणि अंतर साडेपाच तासांचे होते. तू तुझ्या रात्री नऊला फोन केलास तर आता इथे दीड वाजलेले असतील, पुढे अडीच. तेव्हा रविवारी तुझ्या दुपारी बाराला फोन करत जा. इथे साडेचार किंवा साडेपाच वाजलेले असतील आणि आजीही जागी असेल. उतरल्यावर मात्र वेळ पाहू नकोस, लगेच कळव.

तुझी,
आई