घर स्वस्त आहे, शेताचे काय?

महोदय,

जपानच्या खेड्यातले शेतासकट घर मोटारसायकलच्या किमतीत मिळते, हे आपल्या रविवार पुरवणीतील लेखात वाचले. किंमत खरी आहे. पण लेखात ‘शेतासकट’ हा शब्द जितक्या सहज आला, तितके ते शेत सहज हाती लागत नाही.

आधी घरे स्वस्त का, ते पाहू. २०२३ च्या सरकारी पाहणीत जपानमध्ये सुमारे ९० लाख घरे, म्हणजे एकूण घरांपैकी १३.८ टक्के, रिकामी आढळली. त्यांना ‘आकिया’ म्हणतात. मुले शहरात, म्हातारी माणसे गेली, घर तसेच उभे. ते पाडायचे तर लाकडी घराला दर ‘त्सुबो’मागे (३.३ चौ.मी.) तीस ते पन्नास हजार येन लागतात, म्हणजे चाळीस त्सुबोच्या घराला बारा ते वीस लाख येन. शिवाय वर घर उभे असले, तर २०० चौ.मी.पर्यंतच्या जागेचा कर एकषष्ठांश मूल्यावर बसतो. घर पाडले की ही सवलत संपते. त्यामुळे मालकाला घर पाडण्यापेक्षा कोणाच्या तरी गळ्यात घालणे परवडते. मोटारसायकलएवढी, पाच लाख येनची किंमत त्यातून येते.

आता शेत. तिकडच्या जमिनीच्या उताऱ्यावर ‘चिमोकु’ म्हणजे जमिनीचा प्रकार लिहिलेला असतो: घरजागा, भातखाचर, जिराईत, डोंगर. एका घराचे चार-पाच तुकडे असतात आणि प्रत्येकाचा उतारा वेगळा. खाचर किंवा जिराईत असेल, तर गावच्या कृषी समितीच्या परवानगीशिवाय विक्री कायद्याने होतच नाही. पैसे मोजले, सह्या झाल्या, तरी नाही. पूर्वी किमान ५० आर, म्हणजे सव्वा एकर, जमीन कसायची अट होती. एप्रिल २०२३ पासून ती गेली, म्हणून परसाएवढे शेतही आता घेता येते. आपल्याकडे महाराष्ट्रात शेतकरी असल्याचा दाखला लागतो. तिथे तो कोणी विचारत नाही, विचारतात ते कसणार कोण. पीक कोणते, अवजारे कोणती, राहता कुठे, वर्षात किती दिवस शेतात उतरणार? दीडशे दिवसांचा मापदंड सर्वसाधारणपणे लावतात. पुण्यात राहून वर्षाकाठी दोनदा चक्कर मारणाऱ्याला समिती काय सांगेल, हे वेगळे लिहायला नको.

खरा घोळ व्हायचा तो इथेच. घराचा तुकडा नावावर होतो आणि शेताचा अडकतो. आणि पुष्कळदा घराकडे येणारी वाट, विहीर किंवा अवजारांची खोपटी नेमकी शेताच्या तुकड्यात असते. बिनशेती न करता बांधलेली खोपटी तर बेकायदाही असू शकते. म्हणून शेताची परवानगी मिळाली नाही तर सगळा व्यवहार रद्द, हे कलम करारात हवेच. डोंगर घेतलात, तर ९० दिवसांत पालिकेला कळवावे लागते.

वारसनोंदीचे दुखणे आपल्यासारखेच. उताऱ्यावर अजून पणजोबा आणि वारस तीसजण, असे सर्रास आढळते. १ एप्रिल २०२४ पासून वारसनोंद तीन वर्षांत करणे सक्तीचे झाले आहे, नाही केली तर एक लाख येनपर्यंत दंड. विकणाऱ्याच्या नावावर नोंद नसेल, तर बयाणा देऊ नये.

घर बघायला गेलात, तर भिंतींचा रंग राहू द्या. तातामी (जमिनीवरच्या जाड गवती चटया) उचला, खालची फळी काढा आणि बॅटरी घेऊन जमिनीखाली बघा. जुन्या घरांत खांब नुसते दगडावर टेकवलेले असतात, बोल्ट नाही की काँक्रीट नाही. दगडावरून खांबाकडे मातीची पेन्सिलीएवढी नळी चढलेली दिसली, तर ती वाळवी. न्हाणीघर आणि स्वयंपाकघराखालच्या आडव्या तुळईत दाभण खुपसून पाहा. ओलाव्यामुळे वाळवी तिथे आधी लागते. दाभण लोण्यात शिरावे तसे आत गेले, तर खालचे लाकूड बदलायचा खर्च घराच्या किमतीच्या कितीतरी वर जाईल. १ जून १९८१ पूर्वीचे घर जुन्या भूकंप-निकषावरचे असते. वर मातीत बसवलेली जड कौले, दक्षिणेला भिंतच नाही, नुसती सरकती दारे, असे घर हादऱ्यात एका बाजूला कलंडते. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपात अशी असंख्य घरे कोसळली. छत हलके करा आणि भिंती वाढवा, न्हाणीघराच्या फरशीचे नंतर बघता येईल. एप्रिल २०२५ पासून दुमजली लाकडी घराचे खांब, तुळया, छत यांपैकी कशाचाही निम्म्याहून अधिक भाग बदलायचा झाला, तर बांधकाम मंजुरी लागते. कामाआधी ॲस्बेस्टॉसची तपासणीही सक्तीची आहे.

गटार नसलेल्या गावात संडास उपसायचा असतो. त्याजागी ‘जोकासो’, म्हणजे घरचे सांडपाणी शुद्ध करणारी टाकी बसवावी लागते: १३० चौ.मी.पर्यंतच्या घराला पाच माणसांची, त्यावर सात माणसांची. खर्च दहा लाख येनच्या घरात. बऱ्याच पालिका अनुदान देतात, पण काम सुरू करण्याआधी अर्ज केला तरच.

घर घेतले म्हणून राहायचा परवाना मिळत नाही. पर्यटक म्हणून ९० दिवस, तेही व्हिसा काढून. भाड्याने द्यायचे, तर घरगुती निवासाच्या कायद्यात वर्षाला १८० दिवसांची मर्यादा आहे. भारतातून पैसे न्यायला माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मुभा आहे, पण दहा लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. तो विवरणपत्रात वळता होतो. घर मात्र दरवर्षी परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागते, भाडे येवो न येवो. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो, मग घर पाच लाख येनचे का असेना.

यापुढे अशा घरांचे भाव छापताना शेजारी प्रत्येक तुकड्याचा चिमोकुही छापावा, ही विनंती. तो उतारा कोणालाही मिळतो आणि खिडकीवर ६०० येन पडतात.

– एक वाचक, टोकियो