‘पपेटियर’ : कात्री चालते, अंगठा अडतो

प्रति,
संपादक,

महोदय,

नवं नाटक आलं की आपण नेपथ्यापासून प्रकाशयोजनेपर्यंत सगळ्याचं परीक्षण छापता. व्हिडिओ गेमचा विषय निघाला की मात्र मुलांचे डोळे आणि वाया गेलेला वेळ याच्या पलीकडे चर्चा जात नाही. २०१३ साली सोनीच्या जपान स्टुडिओने प्लेस्टेशन ३ साठी काढलेला ‘पपेटियर’ हा प्लॅटफॉर्म गेम (उड्या मारत, अडथळे ओलांडत पुढे जायचा खेळ) नाटकवाल्यांनीही पाहायला हवा. त्याचे गुण सांगायला हवेत आणि दोषही स्पष्ट सांगायला हवेत, म्हणून हे पत्र.

हा गेम म्हणजे पडद्यावर चालणारा बाहुल्यांचा प्रयोगच आहे. सात अंक, प्रत्येकी तीन पडदे. चौकटीला मखमली पडदा, वरून प्रकाशझोत, समोर न दिसणारे प्रेक्षक. ते टाळ्या वाजवतात, दचकतात, हसतात. चंद्रावरचा दुष्ट अस्वलराजा मुलांचे आत्मे पळवून बाहुल्यांत कोंडतो. त्यातल्या कुटारो या मुलाचं तो डोकंच खाऊन टाकतो आणि धड फेकून देतो. मग कुटारोच्या हाती कॅलिब्रस नावाची जादूची कात्री येते.

रंगमंचाची कल्पना नवी नाही. १९८८ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ मध्ये सुरुवातीला पडदा उघडतो, काही ठोकळे मागच्या फळीला खिळ्यांनी ठोकलेले दिसतात आणि मारिओ शेवटी जणू विंगेत निघून जातो. पण तिथे ती सजावट होती. ‘पपेटियर’मध्ये बहुतेक प्रवेशांत खेळाडू जागच्या जागी आणि सेटच बदलतो : जमिनीतून झाड वर येतं, बाजूने जहाज सरकत येतं, वरून अख्खा वाडा उतरतो. फिरत्या रंगमंचाचं कौतुक असणाऱ्याला हे फार आवडेल.

खरी जान मात्र कात्रीत आहे. कुटारोची उडी तशी साधी आणि जराशी तरंगती. पण हवेत असताना कात्री कापडाला लागली की प्रत्येक कापासरशी तो पुढे ओढला जातो. बटण दाबत राहायचं आणि कंट्रोलरवरच्या डाव्या काडीने (स्टिकने) दिशा द्यायची. कापायला काही उरलं नाही की धपकन खाली. म्हणजे नेपथ्य हीच त्याची वाट, आणि ती तो कापत संपवतो. मोठ्या शत्रूंच्या अंगावरचं कापड कापत वर चढताना नाटक आणि खेळ एकजीव होतात. पुढे ढाल, बॉम्ब, आकडा असं बरंच हाती येतं, पण कात्रीची सर कशालाच नाही.

आता दोष. गेममध्ये शंभर डोकी गोळा करता येतात. कोळ्याचं, कवटीचं, अगदी बर्गरचंही. एका वेळी तीनच जवळ ठेवता येतात आणि तीच कुटारोची ढाल. मार बसला की डोकं गडगडत जातं. ते काही सेकंदांत उचललं नाही तर गेलं, आणि तिन्ही गेली की एक जीव गेला. इथवर उत्तम. पण डोकं बदलल्याने कुटारोच्या चालण्या-लढण्यात काहीच बदल होत नाही. ठरलेल्या जागी ठरलेलं डोकं वापरलं तर बोनस उघडतो, एवढाच उपयोग; आणि नेमकं तेच डोकं मघाशी दरीत गेलेलं असतं. इतकी सुंदर कल्पना निव्वळ संग्रहापुरती उरली, याचं वाईट वाटतं.

दुसरा दोष हाताचा. कुटारोसोबत उडणारी त्याची साथीदार पिकारिना उजव्या काडीने फिरवायची, लपलेल्या वस्तू तिनेच शोधायच्या. उडी आणि कात्रीची बटणंही उजव्याच अंगठ्याखाली. एकट्याने खेळताना शोध घ्यायचा तर उडी सोडावी लागते, म्हणून घाईच्या जागी पिकारिना नुसती लोंबकळत राहते.

तिसरा आणि सर्वांत मोठा दोष म्हणजे बोलणं. कुटारो मुका, सूत्रधार, पिकारिना आणि अस्वलराजा मात्र बोलतच राहतात. विनोद चांगले आहेत, पण तेवढा वेळ खेळाडूचे हात रिकामे. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांचा कळसूत्री खेळ पाहिलेल्यांना फरक लगेच कळेल : तिथे कथन चालू असतानाही दोऱ्या हलत असतात. इथे कथन आणि दोरी आलटून पालटून चालतात. बॉसच्या, म्हणजे मोठ्या शत्रूच्या, लढाईचा शेवटही अनेकदा पडद्यावर दिसेल ते बटण दाबण्यावर येतो. तिथे तर खेळाडू प्रेक्षकच होतो.

म्हणून खेळायचाच तर दोघांनी खेळावा. दुसरा कंट्रोलर जोडला की पिकारिना दुसऱ्याच्या हाती जाते आणि अंगठ्याची अडचण संपते. लहान मूल आणि मोठं माणूस अशी जोडी छान जमते. एका बैठकीत एकच पडदा करावा, म्हणजे बडबड अंगावर येत नाही. हा गेम पुढच्या कन्सोलसाठी पुन्हा काढला गेला नाही आणि प्लेस्टेशन ४ किंवा ५ वर त्याची डिस्क चालत नाही. जुनं प्लेस्टेशन ३ माळ्यावर पडलं असेल तर भंगारात देण्याआधी एवढा एक प्रयोग त्यावर लावून पाहावा.

आपला,
एक वाचक