मुहमालैची जमीन अजून युद्धातून सुटलेली नाही

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

एस्टोनिया, लात्व्हिया, लिथुआनिया, फिनलंड आणि पोलंड या पाच देशांनी 2025 साली भूसुरुंगबंदीच्या ऑटावा करारातून बाहेर पडायचं ठरवलं, त्याच्या बातम्या आपल्या अंकात वाचल्या. शेजारी रशिया आहे, भीती खरी आहे, हे मान्य. पण त्या बातम्यांत चर्चा होती ती फक्त सुरुंग पेरण्याची. पुढे ते वेचायचे कुणी आणि किती वर्षं, याबद्दल एक ओळही नव्हती. म्हणून श्रीलंकेतल्या मुहमालैबद्दलचं हे पत्र.

माझा थोरला भाऊ 1987 साली भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेला आणि पुढच्या वर्षी डावा पाय घोट्यापासून गमावून परत आला. शांतिसेनेचे सुमारे 1200 जवान तिथून परतलेच नाहीत, त्यामुळे दादा स्वतःला नशीबवान समजतो. मात्र इतक्या वर्षांत त्याला गवतातून चालताना मी पाहिलेलं नाही. बागेतही तो फरशीची वाट सोडत नाही. 2023 मध्ये त्याच्या हट्टापायी आम्ही दोघं जाफन्याला गेलो.

जाफन्याहून किलिनोच्चीकडे जाणाऱ्या ए-9 रस्त्यावर मुहमालै लागतं. सन 2000 मध्ये एलिफंट पासचा तळ श्रीलंकेच्या लष्कराच्या हातून गेला आणि त्यानंतर जवळजवळ आठ वर्षं ते लष्कर आणि स्वतंत्र तमिळ राष्ट्रासाठी लढणारी एलटीटीई संघटना यांची आघाडी इथे समोरासमोर ठाण मांडून होती. दोन्ही बाजूंनी सुरुंग पेरले, पावसाने वाहून गेले तर पुन्हा पेरले. जगातल्या सर्वांत दाट सुरुंगपट्ट्यांत या जागेची गणना होते. तोफांच्या माऱ्यात शेंडे उडालेल्या ताडांचे नुसते बुंधे आजही उभे दिसतात. रस्त्याकडेला लाल फलक, त्यावर पांढरी कवटी आणि खाली तमिळमध्ये इशारा. माणसासाठी पेरलेल्या सुरुंगाला तमिळमध्ये ‘मिदिवेडी’ म्हणतात. मिदि म्हणजे तुडवणं, वेडी म्हणजे स्फोट. आमच्या गाडीच्या चालकाने हा अर्थ सांगितला तेव्हा दादा काहीच बोलला नाही.

फलकांपलीकडे बायका काम करत होत्या. हो, बायकाच. उत्तर श्रीलंकेत सुरुंग काढणाऱ्यांमध्ये स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत आणि त्यातल्या कितीतरी जणींनी युद्धात नवरा गमावलेला आहे. अंगावर जाड संरक्षक कवच, तोंडावर पारदर्शक ढाल, आणि हातात चक्क दंताळं! मला वाटलं होतं की सगळं काम यंत्रानेच चालत असेल. पण या जमिनीत गोळ्यांच्या पुंगळ्या आणि तोफगोळ्यांचे तुकडे इतके आहेत की धातुशोधक यंत्र सारखं वाजतच राहतं. शिवाय पी-4 सारख्या पाकिस्तानी सुरुंगात धातू जेमतेम असतो आणि एलटीटीईचा ‘जॉनी’ तर लाकडी पेटीतला. म्हणून लांब दांड्याच्या दंताळ्याने माती सैल करून थोडी थोडी आपल्याकडे ओढायची, म्हणजे सुरुंग वरून दाबला न जाता कडेने उघडा पडतो. एक बाई गुडघ्यावर बसून मीटरभर रुंदीच्या पट्टीत हे करत होती. अर्धा तास आम्ही दुरून पाहत होतो. तेवढ्या वेळात ती पुढे सरकली असेल फार तर वीतभर.

जवळच साफ करून मालकांना परत दिलेला एक तुकडा होता, तिथे भुईमूग लावलेला होता. मी बांधावरून आत उतरले. दादा डांबरीवरच उभा राहिला. त्याला बोलावलं नाही, ते बरंच केलं.

मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे माझं लक्ष सुरुंग काढण्यापेक्षा सुरुंगांबद्दल शिकवण्याकडे अधिक गेलं. युद्ध मे 2009 मध्ये संपलं, छावण्यांतून लाखो माणसं घरी परतू लागली. ती धोका ओळखणारी माणसं होती, त्यांनी स्फोट डोळ्यांनी पाहिले होते. आज शाळेत बसलेली मुलं 2009 नंतर जन्मलेली आहेत. त्यांच्या लेखी युद्ध ही आजीने सांगायची गोष्ट आहे आणि लाल फलक हा रोजच्या वाटेवरचा एक फलक. पावसाने माती सरकते, लाकडी पेटी कुजते पण आतला स्फोटक जिवंत राहतो, कुणीतरी सरपणाला फलकाची काठीच उपटून नेतं. अशा ठिकाणी एकदा येऊन चित्रं दाखवून गेलं की काम झालं, असं समजणं धोक्याचं आहे. ‘थांब, हात लावू नकोस, मोठ्यांना सांग’ हा धडा दरवर्षी नव्या इयत्तेला नव्याने द्यावा लागतो.

आणि मुलांना शिकवून भागत नाही. भंगार गोळा करणाऱ्या माणसाला धोका माहीत असतो, आपल्यापेक्षा जास्त माहीत असतो. तरी तो जातो, कारण जुन्या गोळ्याच्या पितळेचे पैसे मिळतात आणि घरात दुसरं काही नसतं. त्याला अज्ञानी समजून भाषण देणं मला अन्यायाचं वाटतं. त्याला रोजगार मिळेल अशी सोय करणं हा जनजागृतीचाच भाग मानला पाहिजे, आणि त्याची तरतूदही त्याच पैशातून व्हायला हवी.

पैशाचाच प्रश्न मोठा आहे. सुरुंग तयार करायला काही डॉलर लागतात, तो शोधून नष्ट करायला शेकडो. जगभरच्या या कामाला सर्वाधिक मदत अमेरिकेची असते आणि जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा अनेक देशांतली सुरुंग काढणारी पथकं हातातलं काम टाकून घरी बसली. अर्धवट साफ केलेलं शेत शेतकऱ्याला देता येत नाही. त्याच्या दृष्टीने ते सगळंच सुरुंगाचं शेत.

आपल्या देशाबद्दलही लिहायला हवं. 2009 नंतर भारताच्या खर्चाने आपल्या माजी सैनिकांच्या संस्थांची पथकं उत्तर श्रीलंकेत सुरुंग काढायला गेली होती, याचा मला अभिमान आहे. पण भारताने ऑटावा करारावर आजवर सही केलेली नाही. सीमा लांब आहेत, शेजार कठीण आहे, ही कारणं मी दादाच्या तोंडून शेकडो वेळा ऐकली आहेत आणि ती पोकळ नाहीत. तरीही ज्या श्रीलंकेने सव्वीस वर्षांचं युद्ध सोसलं, ती डिसेंबर 2017 मध्ये या करारात आली. आपण निदान त्यावर संसदेत मोकळी चर्चा तरी करावी. आणि तोवर, आपल्या पथकांनी सुरू केलेलं काम तडीस जाईल एवढा पैसा द्यावा.

श्रीलंकेला करारानुसार सगळे सुरुंग काढण्यासाठी 1 जून 2028 पर्यंतची मुदत आहे. बहुतेक भाग साफ झाला आहे. उरले आहेत ते मुहमालैसारखे सर्वांत अवघड पट्टे, आणि नेमक्या याच वेळी जगाचं लक्ष दुसऱ्या युद्धांकडे वळलं आहे. त्या तारखेपर्यंत आपल्या वर्तमानपत्राने वर्षातून एकदा तरी आपला वार्ताहर तिथे पाठवावा आणि किती जमीन मोकळी झाली ते छापावं, एवढी विनंती. दादा रोज सकाळी पेपर वाचतो. ती बातमी तो पहिली वाचेल.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका