चित्राखालची ओळ चुकली, चित्रही बारीक छापले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘रम्य बागेतील जोडपे (रेखाचित्र)’ म्हणून छापलेले चित्र जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररचे ‘आदम आणि ईव्ह’ (१५०४), म्हणजे बायबलमधले पहिले जोडपे, आहे. ते रेखाचित्र नव्हे, छापचित्र. तांब्याच्या पत्र्यावर पोलादी कोरणीने रेषा कोरायच्या, त्यांत शाई भरून वरचा भाग पुसायचा आणि ओलसर कागदासह पत्रा दाबयंत्राच्या रुळांतून काढायचा. छाप उलटा उमटतो. म्हणून आदमने धरलेल्या फांदीवरच्या पाटीतले ड्यूररचे नाव पत्र्यावर उलटे कोरावे लागले! भिंगाखाली ही रेषा मध्ये जाड आणि टोकाला निमुळती दिसते.

यातली झाडी शोभेपुरती नाही. ती गडद ठेवल्यामुळेच दोन्ही देह उजळतात. तो उजेड म्हणजे कोरा कागद. पांढरी शाई कुठेच नाही. खरा अर्थ पायांशी आणि झाडांमागे आहे. मांजर, ससा, बैल आणि सांबरासारखा एल्क हे अनुक्रमे पिवळे पित्त, रक्त, कफ आणि काळे पित्त या जुन्या युरोपीय वैद्यकातल्या चार प्रकृती दाखवतात, असे अभ्यासक मानतात. साप ईव्हला देवाने मना केलेले फळ देतो आहे, पण ते अजून खाल्लेले नाही. त्यामुळे प्रकृतींचा तोल टिकून आहे. म्हणूनच मांजरासमोर उंदीर निर्धास्त आहे.

आपल्या अंकात नेमका हा उंदीरच दिसत नाही. मूळ चित्र साधारण २५ बाय १९ सेंटिमीटरचे, ते एका कॉलमात कोंबले. करड्या छटा छापताना ठिपक्यांत फुटतात आणि ड्यूररच्या रेषा त्याहून बारीक. त्यात वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते. झाडीचा काळा गोळा होणारच. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संकेतस्थळावर या चित्राची मोठी प्रत मोफत मिळते. ती घेऊन १२०० डीपीआयची (इंचाला १२०० ठिपके) लाइन आर्ट, म्हणजे करड्या छटांविना निव्वळ काळी-पांढरी प्रत, करावी आणि मूळ मापाला छापावी.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांची मुले ही कात्रणे वहीत चिकटवतात. उजेड-काळोखाच्या अभ्यासात हयात घालवणाऱ्या चाळीसगावच्या छायाचित्रकार केकी मूस यांच्या खान्देशात त्यांना चुकीची ओळ मिळू नये. चित्रकार, साल, तंत्र, माप आणि संग्रह एवढे देऊन हे चित्र पुढच्या रविवारी पुन्हा छापावे, ही विनंती.

– एक कलाशिक्षक, भुसावळ