डाव्या बुटातलं पत्र

चि. चिऊ,
अनेक आशीर्वाद.

परवा पहाटे तू शिबिराला निघालीस तेव्हा मी जागाच होतो. झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला, दाराशी तू जराशी थांबलीस, आईशी काहीतरी कुजबुजलीस आणि गेलीस. मी उठून यायला हवं होतं. पण आदल्या रात्री इतकं बोलून बसलो होतो की कुठल्या तोंडानं येणार?

तुझे जॉगिंगचे बूट इथेच राहिलेत. स्पाइक्स नेमके नेलेस आणि रोज लागणारे हे विसरलीस. दादा शनिवारी तिकडे येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. पत्र मुद्दाम डाव्या बुटात कोंबलंय. पाय घालायचा तर आधी हे बाहेर काढावं लागेल.

नडगीबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवलंय. आईनंही तसं बजावलंय. तेव्हा आधी बाकीचं. आजी बरी आहे, टाके निघाले. तुझ्या खोलीतला पंखा अखेर दुरुस्त झाला, तू गेल्यावर. दादाचा शेवटचा पेपर झाला, कसा गेला ते तो सांगत नाही, यावरून काय ते समज.

सरांना नडगी दाखवलीस का?

बघ, आलंच. आता आलंय तर लिहूनच टाकतो.

त्या रात्री मी दुखणं दाबायच्या गोळ्यांच्या स्ट्रिपवरून ओरडलो, असं तुला वाटलं. गोळ्यांचं मला तेवढं काही नव्हतं. मी घाबरलो होतो त्या बर्फाच्या पिशवीमुळे. तू सोफ्यावर पाय पसरून बसली होतीस, पिशवी घसरली, ती उचलून परत ठेवताना माझं बोट नडगीला लागलं आणि तू पाय असा झटकन ओढून घेतलास की मोबाइल खाली पडला. एका बोटाएवढी जागा होती ती. वर नाही, खाली नाही, तेवढीच. मग तू हसलीस आणि म्हणालीस, "काही नाही बाबा, गुदगुल्या."

सतरा वर्षं तुझ्या गुदगुल्या बघतोय मी.

नडगी दुखण्याचे दोन प्रकार असतात, तुलाही माहीत आहेत. एक आतल्या कडेनं वीतभर पसरलेलं दुखणं, वॉर्मअप झाला की हलकं होतं. ते बऱ्याच धावणाऱ्यांना कधी ना कधी होतं. दुसरं नेमकं एका बोटाखाली सापडतं, पळताना वाढत जातं आणि पुढेपुढे नुसतं बसलं तरी ठणकतं. ते हाडाचं असू शकतं. हाडाला गेलेली बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआय केला तर दिसते. वेळेवर कळलं तर साधारण सहा-आठ आठवडे पळणं बंद. तोंड मिटून पळत राहिलीस तर अख्खा सीझन जातो, कधी त्याहून जास्त. नडगीच्या पुढच्या बाजूची चीर तर फारच हट्टी असते म्हणतात.

हे का झालं असेल तेही तुझ्याच वहीत आहे. (हो, वही बघितली. त्याबद्दल वेगळं भांड.) आठवड्याचे 35 किलोमीटर तीन आठवड्यांत 55 वर नेलेस. दम वाढला, पाय हलके वाटायला लागले, म्हणून तुला वाटलं शरीर तयार आहे. दम आणि स्नायू लवकर तयार होतात ग, हाड मागून रेंगाळत येतं. ताण पडला की ते आधी थोडं झिजतं आणि मग भरून येतं. भरायला सवडच दिली नाही, तर झिजणं तेवढं चालू राहतं.

आता एक गोष्ट मला लिहायला अवघड जातेय. आईला म्हटलं, हे तू लिही. ती म्हणाली, "सगळं तुम्हीच लिहिताय ना, मग हेही लिहा." तर, पाळी नियमित येते का? दोन-तीन महिने चुकली की बऱ्याच मुलींना वाटतं, बरं झालं, स्पर्धेच्या दिवशी कटकट नको. ते बरं नसतं. खर्च होतंय तितकं पोटात जात नाही म्हणून शरीरानं हात आखडता घेतलाय, असा त्याचा अर्थ असू शकतो, आणि तो आखडलेला हात हाडांपर्यंत पोचतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं 2014 मध्ये यावर एक निवेदन काढलं होतं, शरीराच्या या अवस्थेला त्यात 'रेड-एस' असं नाव आहे. तुमच्या फिजिओ मॅडमना नक्की ठाऊक असेल. मला उत्तर देऊ नकोस, त्यांना दे. संपला हा विषय. आता मी चहा घेऊन येतो.

आलो.

गोळ्या तुला एका सीनिअर मुलीनं दिल्या, म्हणालीस. तिचा हेतू चांगलाच असणार. पण रोमानियाची एक जिम्नॅस्ट होती, आंद्रिआ रादुकान. 2000 साली सिडनी ऑलिंपिकमध्ये तिनं ऑल-राउंडचं, म्हणजे सगळ्या प्रकारांच्या एकत्रित गुणांचं, सुवर्णपदक मिळवलं तेव्हा ती सोळा वर्षांची होती, तुझ्याहून वर्षानं लहान. सर्दी झाली म्हणून संघाच्या डॉक्टरनंच गोळी दिली. त्या गोळीत स्यूडोएफेड्रिन निघालं, तेव्हा खेळाडूंना बंदी असलेलं औषध, आणि पदक काढून घेतलं. गोळी डॉक्टरनं दिली हे सगळ्यांनी मान्य केलं, डॉक्टरवर बंदीही आली, पण पदक काही तिला परत मिळालं नाही. पुढे 2004 मध्ये ते औषध बंदीच्या यादीतून निघालं आणि 2010 मध्ये ठरावीक प्रमाणाच्या वर म्हणून परत आत आलं. मला हे फार लागलं होतं. आजही तो नियम मला कठोर वाटतो. पण नियम तोच आहे: खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार, मग ते कुणीही दिलेलं असो. तुझ्या गोळ्या बंदीतल्या नाहीत, मी नाव शोधून बघितलं. पण घ्यायच्या आधी तू बघितलं होतंस का? आणि दुखणं दाबून पळणं म्हणजे काय, तर घरात धूर झाला म्हणून अलार्मची वायर कापायची.

हे भाषण झालं. खोड आहे. आई मागून वाचतेय आणि मान हलवतेय.

तू त्या रात्री म्हणालीस, "तीन मुली माझ्यावर अवलंबून आहेत बाबा, रिलेतून मी कशी बाहेर पडू? जबाबदारी तुम्हीच शिकवलीत ना?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही म्हणून मी आवाज चढवला. उत्तर दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना सुचलं, जशी सगळी उत्तरं सुचतात. तुमच्या संघात पाचवी मुलगी आहे ना? राखीव. ती रोज तुमच्याइतकंच पळते, बॅटन घ्यायचा सराव करते आणि स्पर्धेच्या दिवशी ट्रॅकसूट घालून बाजूला उभी राहते. तू आज सांगितलंस तर सर तिला शेवटच्या लेगसाठी, म्हणजे शेवटच्या चारशे मीटरसाठी, तयार करतील, महिनाभर मिळेल तिला. तू स्पर्धेच्या सकाळी लंगडलीस तर तिला अर्धा तास मिळेल. आणि तिसऱ्या लेगनंतर बॅटन हातात घेऊन दोनशे मीटरवर बसलीस, तर त्या तिघींनी जीव तोडून पळलेल्या बाराशे मीटरचं काय? अवलंबून आहेत म्हणून लपवायचं, की अवलंबून आहेत म्हणून सांगायचं, तूच बघ.

बार्सिलोना ऑलिंपिकचा तो व्हिडिओ तुम्ही सगळे एकमेकांना पाठवता. 1992, चारशे मीटरची सेमीफायनल, धावपटू डेरेक रेडमंडचा मांडीमागचा स्नायू फाटतो आणि त्याचा बाप कठडा ओलांडून येतो, मुलाला धरून शेवटपर्यंत नेतो. मीही रडलोय बघून. पण त्याच रेडमंडनं त्याआधी, 1988 साली सोल ऑलिंपिकमध्ये, आपली हीट, म्हणजे पहिल्या फेरीची शर्यत, सुरू व्हायला अगदी थोडा वेळ असताना माघार घेतली होती. टाच साथ देत नव्हती. त्याचा व्हिडिओ कुणी कुणाला पाठवत नाही. पुढे पायावर शस्त्रक्रिया झाल्या आणि 1991 मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत तो ब्रिटनच्या चार बाय चारशे रिलेत पळाला. त्यांनी अमेरिकेला हरवून सुवर्ण जिंकलं. रिलेत, चिऊ.

मला त्या व्हिडिओतला बाप व्हायचं नाहीये. माझे गुडघे कठडा ओलांडण्याच्या लायकीचे राहिलेले नाहीत, तो भाग वेगळा.

मेहनतीबद्दल तुला काय सांगायचं? पावसात पाच वाजता उठून जाणारी तू आणि पांघरुणातून "छत्री घे" म्हणणारा मी. ट्रायलच्या दिवशी आठशे मीटर 2 मिनिटं 14 सेकंदांत मारलंस, तेव्हा मी घड्याळ थांबवायचंच विसरलो होतो. तू परत चालत आलीस, विचारलंस किती झाले, तेव्हा माझ्या हातातल्या घड्याळात 3 मिनिटं 40 झाले होते आणि ते पळतच होतं. वेळ शेवटी सरांना विचारावी लागली. आत्या अजून त्यावरून चिडवते. ते घड्याळ मी त्यानंतर झीरो केलं नाही काही दिवस. का ते विचारू नकोस.

आता खरं सांगायचं ते. हे लिहिण्यासाठीच बसलो होतो आणि चार पानं भलतंच लिहिलं.

तू बारा वर्षांची होतीस. पंधराशे मीटरमध्ये पुढच्या मुलीचा स्पाइक तुझ्या पोटरीला लागला होता. मोजा लाल झाला. तू रडत रडत पळालीस, सातवी आलीस. मी तुला उचलून घेतलं आणि म्हणालो, "शाब्बास, थांबली नाहीस." त्यानंतर ती गोष्ट मी किमान पन्नास लोकांना सांगितली असेल. ऑफिसात, लग्नांत, आत्याकडे, डॉक्टरकडे. दर वेळी तू शेजारी उभी असायचीस आणि दर वेळी मोजा थोडा जास्त लाल व्हायचा. त्याच वर्षी एकदा पाय मुरगळला म्हणून तू मधेच बाहेर आली होतीस. ती गोष्ट मी एकदाही कुणाला सांगितली नाही. तूही नाही.

म्हणजे काय लपवायचं आणि काय मिरवायचं हे तुला कुणी शिकवलं, ते मला परवा पहाटे दाराचा आवाज ऐकताना कळलं. मग तुझ्यावर कुठल्या हक्कानं ओरडलो, कोण जाणे. चुकलं माझं. ओरडणं तर चुकलंच, त्याआधीचंही.

त्या रात्री "संघातून नाव गेलं तर मला तोंड दाखवू नका" असं तू म्हणालीस. मी मनावर घेतलेलं नाही. नाव गेलं तरी तोंड दाखवणार आहे. तुला बसच्या खिडकीतून दिसेल.

सरांशी बोलायला भीती वाटत असेल तर आधी फिजिओ मॅडमना दाखव. त्यांनी बोट ठेवलं की गुदगुल्या झाल्या म्हणू नकोस. झालं की मला फक्त 'दाखवलं' एवढा एक शब्द पाठव. त्या काय म्हणाल्या ते नंतर सांगितलंस तरी चालेल. मी फोन करून विचारणार नाही.

विचारीन बहुतेक. उचलू नकोस, मेसेज कर.

तुझा,
बाबा

ता. क. बूट पुसताना बघितलं, डाव्याचा तळवा बाहेरच्या बाजूनं जास्त झिजलाय, उजव्याचा नाही. डाव्या पायाच्या आतल्या बाजूवर वजन टाकायचं टाळतेस की काय, हे मॅडमना विचार. आणि ती स्ट्रिप माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. दहातल्या सहा संपल्यात. कुठल्या दिवशी किती घेतल्यास, ते त्यांना खरं सांग. मला नाही सांगितलंस तरी चालेल.